मामेकुळाबाहेरची

"तुमच्या आईच्या आईची आई कुठली?" हा प्रश्न प्रभावतीला जन्मात कुणी विचारला नव्हता, आणि विचारला तोही फोनवर, ती चिवड्याचे पोहे परतत असताना. मोबाइल खांद्यात धरलेला, मान वाकडी, हातात झारा, गॅस मोठा. प्रश्न कानात शिरला आणि हात थांबला. पोहे खालून लागले. एरवी तिनं स्वतःलाच दोन शब्द सुनावले असते, पण आता ती त्या करपट वासात नुसती उभी राहिली आणि आईच्या आईची आई म्हणून जिथं कुणीतरी असायला हवं होतं तिथं मनातल्या मनात डोकावून पाहायला लागली. तिथं कुणी नव्हतं. बाई असलीच पाहिजे, हे तर उघड होतं. आई होती म्हणजे आजी होती, आजी होती म्हणजे तिला जन्म देणारीही होती, आभाळातून काही कुणी पडत नाही. तरी नाव नाही, गाव नाही, चेहरा तर नाहीच. वडलांच्या बाजूचं कुणी विचारलं असतं तर तिनं साळुंख्यांच्या सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या असत्या. थोरल्या भावाकडून, ज्ञानोबाकडून वडील त्या पाठ करून घेत तेव्हा चुलीपुढं बसून ऐकता ऐकता तिलाही पाठ झाल्या होत्या. "मॅडम, काही आजार निघाला का?" तिनं विचारलं. फौजीच्या बायकोला रक्ततपासणीचा फोन आला की दुसरं काय सुचणार? पलीकडे संशोधन संस्थेच्या सुनीतीबाई हसल्या. "आजार नाही हो. उलट तुम्ही फार दुर्मीळ निघालात. घरी येऊन सांगते."

रक्त दिलं होतं त्याला बरेच दिवस झाले होते. तिचे यजमान शहाजीराव तेव्हा सुभेदार-मेजर होते, बिऱ्हाड दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये होतं. फॅमिली वेल्फेअरच्या मीटिंगला कुठल्याशा संशोधन संस्थेची माणसं आली होती. त्यांना देशभरच्या बायका एका छपराखाली हव्या होत्या, आणि पलटणींच्या बायकांइतक्या तऱ्हेतऱ्हेच्या बायका दुसरीकडे कुठं मिळणार? गढवाली, डोगरा, मद्रासी, नागा, मराठा, सगळ्या बाह्या वर सारून रांगेत बसलेल्या, आणि सुई टोचली की प्रत्येकीच्या तोंडून आपापल्या भाषेतली आई निघत होती. त्या आवाजाचं प्रभावतीला तेव्हा फार हसू आलं होतं. मग रिटायरमेंट झाली, शहाजीरावांना गुडगावच्या एका कॉल सेंटरमध्ये सिक्युरिटीची नोकरी लागली, पेन्शनचे पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून गाझियाबादला इंदिरापुरममध्ये हा फ्लॅट झाला, लेक सोनम नोएडात कंप्युटरच्या कंपनीत लागली, आणि रक्त दिलेलं ती साफ विसरली. रक्त मात्र तिला विसरलं नव्हतं. कुठल्याशा थंड पेटीत पडून ते कुणाकुणाशी ताडून पाहिलं जात होतं.

सुनीतीबाई आल्या त्या ऑटोनं धूळ खात, पदरानं तोंड पुसत. मूळच्या पुण्याच्या, केस पांढरे, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी सोफ्यावर न बसता स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बैठक मारली आणि प्रभावतीला त्या तिथंच आवडल्या. "हे बघा," त्या म्हणाल्या, "आपल्या अंगातल्या पेशीपेशीत एकेक चूल असते असं समजा. ती चूल येते फक्त आईकडून. मुलाला मिळते, मुलीलाही मिळते. पण पुढं देते ती मुलगीच. मुलापाशी ती थांबते." "पूर्वी शेजारणीकडून विस्तव आणायच्या, तसं," प्रभावती म्हणाली. "अगदी तसं. आता या विस्तवावर हजारो वर्षांत अधूनमधून बारीक खूण उमटते. कुणाची खूण कुणाशी जुळते ते पाहिलं की कोण कुणाची लेक ते कळतं. तुमच्यासारखी खूण आमच्याकडे आजवर फक्त दोघींची सापडलीय. एक रायगडच्या डोंगरातली कातकरी म्हातारी. दुसरी ओडिशाच्या किनाऱ्यावर मासे विकते. तुम्ही तिघी एकाच बाईच्या लेकी." "कधीची ती बाई?" "चाळीस हजार वर्षांपूर्वीची, कदाचित त्याहूनही आधीची. आफ्रिकेतून निघालेली माणसं समुद्राच्या काठाकाठानं इकडं चालत आली, त्यांच्यातली. तेव्हा शेत नव्हतं, गाव नव्हतं, जात तर नव्हतीच. तुम्ही कातकरी आहात असं यातून निघत नाही, तसं ती म्हातारी मराठा आहे असंही निघत नाही. तुमची आई एक होती, एवढंच निघतं." प्रभावतीनं नकळत केसांवरून हात फिरवला. तिचे केस कुरळे, इतके की पलटणीतल्या बायका त्यावरून चेष्टा करायच्या. "मग हे तिचे का?" "नाही हो. रूप-रंग, केस, नाक, यातलं काही त्या चुलीतून येत नाही." प्रभावती खट्टू झाली. "मग ती करते तरी काय?" "जळते," सुनीतीबाई म्हणाल्या. "म्हणून तुम्ही चालता-बोलता."

त्यानंतर नावांची वेळ आली, आणि तिथं सगळं अडलं. आईचं नाव सगुणा. पण ते सासरचं. माहेरचं काय? प्रभावतीला ठाऊक नव्हतं. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नवं नाव कोरतात, जुनं त्या तांदळात मिसळून जातं, आणि बाई त्या घरची होते. तिचं स्वतःचंही तेच झालेलं. माहेरी ती ताना होती, ज्ञानोबा अजून तिला तानीच म्हणायचा. प्रभावती हे सासूनं निवडलेलं, कारण शहाजीला तानाबाई शोभत नाही. आजीला सगळे नुसतं आजी म्हणत. आजीचं गाव कोयनेच्या धरणात गेलं, तेव्हा तानी बोट धरून चालायच्या वयाची होती. आणि आजीची आई? तिच्याबद्दल एकच वाक्य होतं, आजीनं कधीतरी भाजी निवडता निवडता टाकलेलं. कुणी विचारलं होतं, तुझ्या आयेचं म्हायेर कंचं? आजीनं हनुवटीनं गावामागच्या डोंगराकडं दाखवलं होतं. "ती वरनं आली." बस्स. वरनं म्हणजे रानातून की डोंगरापलीकडून, एकटी की कुणासोबत, आपल्या पायांनी की कुणाच्या मागं, यातलं काहीच नाही. सुनीतीबाईंनी ते ऐकलं आणि लिहायचं थांबून तिच्याकडे पाहिलं. "असल्या शास्त्रीय लेखात आम्ही माणसांची नावं छापत नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमची इच्छा असेल तर मला या घराण्याबद्दल तुमचं नाव घेऊन लिहायला आवडेल. घराणं म्हणजे आईचं. विचार करा, नंतर सांगा." प्रभावती म्हणाली, "त्यात नंतर काय? लिहा." विचार करण्याजोगं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

पण ते होतं, आणि ते गुडगावात राहत होतं. सोनमचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा अनिश, तिच्याच कंपनीतला; दोघांचं एकमेकांत जमलेलं, घरच्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. मुलाचे वडील उदयसिंह एका परदेशी कंपनीत मोठे अधिकारी, मूळचे सरदार घराण्यातले. त्यांच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर ढाल-तलवार, तिच्याखाली भिंतभर टीव्ही, आणि दोन्हींवर एकाच वेळी धूळ बसू नये म्हणून एक मोलकरीण. प्रेम जमलं तरी पत्रिका आणि बायोडाटा चुकत नाही. सोनमच्या बायोडाटात कूळ लिहिलं होतं, देवक लिहिलं होतं, आणि मराठ्यांच्या प्रत्येक बायोडाटात असतो तो रकानाही भरला होता: मामेकूळ, साळुंखे. म्हणजे मुलीची आई कुठली, हे विचारायचं तर आईच्या भावाचं आडनाव विचारायचं. प्रभावतीनं असे कितीतरी बायोडाटे वाचले होते, पण या रकान्यात आई कुठं आहे हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला तो त्या करपलेल्या पोह्यांनंतर. शहाजीराव मात्र सोयरिकीनं हरखून गेले होते. "आपण सुभेदार, ते सरदार," असं ते आल्यागेल्याला सांगत. उदयसिंहांनी सोनमला सासरचं नाव म्हणून मृणालिनीराजे हे निवडून ठेवलं होतं, कारण सोनम हे त्यांना सिनेमातलं वाटत होतं. सोनमनं त्यावर डोळे फिरवले होते, पण हसत हसत. तिला अनिश हवा होता. तिच्या चेहऱ्यावर ते इतकं स्वच्छ लिहिलेलं असायचं की प्रभावतीला कधीकधी नजर वळवावीशी वाटे.

सुनीतीबाईंनी सांगितलेलं प्रभावतीनं लेकीला सांगितलं, आणि लेकीनं ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये अनिशला. "माझी मम्मी एकदम रेअर निघाली, यार," अशा थाटात. अनिशनं ते जेवणाच्या टेबलावर गंमत म्हणून वाढलं. उदयसिंहांना ती गंमत पचली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा शहाजीराव बनियनवर होते, पण 'जी साहेब' म्हणता म्हणता ते सोफ्यावरून उठले, टाचा जुळल्या, पोट आत गेलं. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ ते तसेच उभे होते. "ते विचारतायत, मामेकूळ साळुंखे लिहिलंय, मग यात कातकरी कुठनं आलं?" प्रभावतीला आधी हसू आलं आणि मग शहाजीरावांचा चेहरा पाहून ते गिळावं लागलं. सीमेवर गोळीबारात न हललेला माणूस एका आडनावापायी घामाघूम झाला होता. "अहो, मॅडमनी सांगितलं ना, जातीशी याचा संबंध नाही." "मॅडमला आपली पोर द्यायची नाहीये," ते म्हणाले. त्या दिवसापासून घरात एक वाक्य हिंडायला लागलं. शहाजीरावांनी ते फोनवर ऐकलं होतं, मग तिला सांगितलं, मग आंघोळ करताना स्वतःशीही म्हटलं: नमुन्यांची अदलाबदल झाली. प्रभावतीनं एवढंच म्हणायचं होतं. बाटल्या बदलल्या, हे रक्त माझं नाही, माझं नाव घेऊ नका. एक वाक्य, आणि लग्न सुरळीत.

ज्ञानोबा आला तो गोवा एक्स्प्रेसनं, निजामुद्दीनला उतरून, फेटा आणि संताप दोन्ही घट्ट बांधून. साखरपुड्यासाठी बोलावलेला मामा कुळाच्या अब्रूसाठी आला होता. त्यानं चपला काढायच्या आधीच सुरुवात केली. "तानी, आपल्या साळुंख्यांच्या रक्तात खोट काढायची हिंमत कुणाची झाली? मी देतो रक्त. उदयसिंहसाहेबांशी बोलणं झालंय माझं. मामाचं रक्त तपासायचं, मामेकूळ स्वच्छ निघालं की विषय मिटला." आणि खरोखरच त्यानं शर्टाची बाही दुमडायला घेतली, जशी काही सुई दारातच उभी होती. शहाजीरावांचा चेहरा उजळला. दोघे पुरुष एकमेकांकडे पाहून माना हलवायला लागले, आणि प्रभावतीला वाटलं, बोलावं की बोलू नये. देऊ दे की रक्त. निकाल यायला महिने लागतील, तोवर लग्न होऊन जाईल. पण ती दुमडलेली बाही, भावाचा तो राकट, तिच्या स्वतःच्या हातासारखाच निबर हात पाहिला आणि तिला राहवलं नाही. "दादा, देऊ नकोस. तुझ्यातही तीच निघेल." "माझ्यात?" "आपण एकाच आईचे ना? चूल आईची. तुलाही मिळाली, मलाही. फक्त तुझी तुझ्यापाशी संपली." ज्ञानोबानं आपल्या दंडाकडे असं पाहिलं, जणू तिथं कुणी परकं माणूस येऊन बसलं होतं. "आणि साळुंख्यांचा यात काही संबंधच नाही, दादा," ती म्हणाली. "आई कधी साळुंखे होती? ती बाहेरून आली. तिची आई बाहेरून आली. प्रत्येक घरात हे बाहेरूनच आलेलं आहे. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालाय." बोलताना तिला आत कुठंतरी विलक्षण मोकळं वाटलं. सात पिढ्यांची ती पाठ केलेली माळ, आणि तिच्यात एकही मणी तिचा नाही. आजवर हे वाईट वाटावं असं होतं. आता तिला वाटलं, बरं झालं, आपण त्यांच्या मोजदादीत सापडलोच नाही.

सगळ्यांना वाटत होतं तिला लाज वाटायला हवी. तिनं स्वतःही ती शोधून पाहिली. सकाळी सोसायटीच्या बागेत चकरा मारताना, मदर डेअरीच्या बूथवर रांगेत, दुपारी मेट्रोच्या खांबांचं काम चाललेलं असे त्याचा धडधडाट ऐकत पडलेली असताना, ती मनात चाचपून बघायची: आहे का? नव्हती. त्या जागी रायगडची म्हातारी होती. प्रभावतीनं तिला पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हती, पण ती येऊन बसायची. गुडघे छातीशी, हातात काहीतरी सोलत. सोलत असायची ते करांदे असावेत, कारण प्रभावतीला सोलणं म्हटलं की तेच आठवत. रानातले कडू कंद. तसेच खाल्ले तर घसा धरतात. आजी ते चिरून राखेच्या पाण्यात उकळायची, मग टोपलीत भरून ओढ्याच्या धारेत ठेवायची, आणि कडूपणा गेला की नाही ते जिभेच्या टोकावर तुकडा ठेवून ओळखायची. आईला ते येत होतं, आईनं तिला शिकवलं होतं. ज्ञानोबाला कुणी शिकवलं नाही, आणि त्याला काही त्याची उणीव भासली नाही. तिच्या लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात आईनं पिशवीभर करांदे पाठवले तेव्हा सासूनं पिशवी उघडून नाक मुरडलं होतं: "असलं खाणं आमच्यात नसतं. हे रानातल्या लोकांचं." आणि पिशवी उकिरड्यावर. तानीची प्रभावती होऊन फार दिवस झाले नव्हते. ती गुमान उठली, करांदे वेचून आणले, कडूपणा काढून मागच्या अंगणात तीन दगडांवर शिजवले आणि मिठाला लावून एकटीनं खाल्ले. सासू दारातून बघत होती. प्रभावतीनं तिच्याकडे पाठ केली नव्हती. त्या खाण्यात ती कुणाला काही सांगत नव्हती, भूक होती म्हणून खात होती, पण आता एवढ्या वर्षांनी, उत्तर प्रदेशातल्या या काचेच्या बाल्कनीत, तिला त्या घासांचा अर्थ लागत होता. आपण तेव्हाही कुणाची तरी बाजू घेत होतो. जिचं नावही ठाऊक नव्हतं तिची.

आणि ती बाजू आता सोनमच्या सुखाच्या आड येत होती. हे मात्र काट्यासारखं सलत होतं. अनिशच्या घरच्यांशी ठरलेल्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी सोनम तिच्याजवळ येऊन ओट्याला टेकून उभी राहिली. डोळे सुजलेले. "मम्मी, प्लीज यार. बस एकदा म्हण ना की मिस्टेक झाली. तुला खरं माहीत आहे, मला माहीत आहे, बस्स. त्यांना काय करायचंय?" "तुला पटतं का ते?" "पटायचा सवाल नाहीये. मला लग्न करायचंय." प्रभावती तिच्याकडे बघत राहिली. तिला बहीण नव्हती. आईलाही नव्हती. मावशी हा शब्दच सोनमला शेजारणींवरून शिकवावा लागला होता. म्हणजे समुद्राच्या काठानं चालत आलेल्या त्या बाईचा इकडचा सगळा रस्ता एका माणसाच्या रुंदीचा झाला होता, आणि ते माणूस जीन्स घालून, नाक ओढत, तिच्या ओट्याला टेकून उभं होतं. तिला सोनमला जवळ घ्यावंसं वाटलं आणि तिनं घेतलंही. पण तोंडातून हो निघालं नाही. "मी म्हटलं की हे रक्त माझं नाही," ती सोनमच्या केसांत बोलली, "तर मग तू कुणाची?" सोनम तिच्या मिठीतून सुटली. "इमोशनल ब्लॅकमेल नको करू, मम्मी," म्हणाली आणि खोलीचं दार लावून बसली. प्रभावतीला राग आला, स्वतःचा, उदयसिंहांचा, सुनीतीबाईंच्या कॅनव्हासच्या बुटांचाही. पण राग आला म्हणून काही ते वाक्य तोंडात बसेना. नमुन्यांची अदलाबदल झाली. ती पुटपुटून बघायची आणि जिभेचं टोक सांगायचं, कडू आहे अजून.

रविवारी दुपारी ती मंडळी आली. उदयसिंह पुढं, ब्लेझर घातलेले, अत्तराचा वास, मागं त्यांच्या पत्नी शुभदा, गळ्यात मोत्यांचा सर, हातात मिठाईचा डबा, तो द्यावा की नाही अशा बेतानं धरलेला, शेवटी अनिश. ज्ञानोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बसला होता. चहा झाला. उदयसिंहांनी कप खाली ठेवला आणि गोड आवाजात सुरुवात केली. "प्रभावतीबाई, आम्ही मॉडर्न माणसं आहोत. जातपात आम्ही मानत नाही. पण घराणं म्हटलं की चार लोक विचारतात. तुम्ही त्या बाईंना फोन करून सांगा, बाटली बदलली. आमचं काही म्हणणं नाही." शहाजीरावांनी मान हलवली आणि बायकोकडे पाहिलं. त्या पाहण्यात हुकूम नव्हता, विनवणी होती, आणि तिला त्यांची दया आली.

"उदयसिंहराव, तुम्हाला तुमच्या किती पिढ्या ठाऊक आहेत?" तिनं विचारलं.

"चौदा," ते तत्परतेनं म्हणाले.

"तुमच्या आईच्या आईची आई कोण?"

ते हसले. मग हसू तसंच ठेवून त्यांनी पंख्याकडे पाहिलं. नेमका तेव्हाच पंखा मंदावला, फ्रिजची घरघर थांबली, दुपारची लाइट गेली होती. खोलीत एकदम खालच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायला लागले. "हा काही मुद्दा नाही," उदयसिंह म्हणाले.

"शुभदाताई, तुमच्या?"

शुभदाबाई दचकल्या. इतका वेळ त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "आजी यमू," त्या म्हणाल्या. मग थांबल्या, कपाळाला आठी घातली, खरोखरच शोधायला लागल्या. "पणजीचं नाही हो माहीत. कुणी सांगितलंच नाही कधी."

"शुभदा," उदयसिंह म्हणाले.

"नाही, खरंच नाही माहीत," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, आणि मिठाईचा डबा त्यांनी मांडीवरून टेबलावर ठेवून दिला.

प्रभावतीला आपला आवाज ऐकू येत होता तो स्थिर होता, आणि तिला त्याचं आश्चर्य वाटलं. "मी फोन करणार नाही. रक्त माझंच आहे. आणि आणखी एक सांगते, नंतर फसवलं असं म्हणायला नको. सोनमला मुलं झाली, मुलगा होवो नाहीतर मुलगी, त्या प्रत्येकात माझी आजी असेल. ती वरनं आलेलीही असेल. रायगडची ती म्हातारी त्यांच्या नात्यातली असेल. तुम्ही नाव बदला, तांदळात हवं ते कोरा, तुमचं कूळ त्यांना आडनाव देईल. ती चूल तुमची होणार नाही. तुमच्या अनिशमध्येही ती तुमची नाहीये, शुभदाताईंची आहे. म्हणून म्हणते, नीट विचार करून न्या माझी लेक. ती एकटी येणार नाही."

ज्ञानोबा खुर्चीत खाकरला. त्याचा एक हात दुसऱ्या दंडावर होता. शहाजीरावांनी डोळे मिटून घेतले. उदयसिंह उठले, ब्लेझरचं बटण लावलं. "मला भाषण नको होतं. एकच सांगा. नाव मागे घेणार की नाही?"

"नाही."

"ठीक आहे." ते सोनमकडे वळले. "बेटा, तू शिकलेली आहेस. समजाव तुझ्या आईला. तुझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

तेव्हा कुठं प्रभावतीनं लेकीकडे पाहिलं, आणि तिचं अवसान गळालं. इतका वेळ ती आपल्या आईसाठी, आजीसाठी, त्या बिननावाच्या बाईसाठी बोलली होती, आणि समोर बसलेल्या या पोरीला तिनं विचारलंसुद्धा नव्हतं. आपल्या हट्टापायी लेकीच्या संसाराचं मातेरं झालं, आता ही मला जन्मभर माफ करणार नाही, हे तिला त्या एका क्षणात लख्ख कळलं. शब्द मात्र परत घ्यावेसे वाटले नाहीत. भीती वाटत होती आणि तरी वाटले नाहीत.

सोनमनं आईकडे पाहिलंच नाही. ती अनिशकडे बघत होती. "तू बोल," ती म्हणाली.

अनिश मोबाइल या हातातून त्या हातात करत होता. "सोनू, मला पर्सनली काही फरक नाही पडत. खरंच. पण छोटीशी तर गोष्ट आहे. आंटींनी फक्त म्हणायचंय की मिस्टेक झाली. पापा म्हणतायत ते…"

"पापांचं मी ऐकलं. तुला काय वाटतं?"

"मला काय… बघ ना, नंतर सगळं सेट होईल. आत्ता हो म्हणून टाकू."

सोनम उठली, टेबलावरचा मिठाईचा डबा उचलून तिनं शुभदाबाईंच्या हातात नीट, दोन्ही हातांनी परत दिला, त्यांच्या पाया पडली, आणि जाऊन बाहेरचं दार सताड उघडलं.

"काका, लाइट गेलीय," ती म्हणाली. "लिफ्ट बंद आहे, आणि जनरेटर संध्याकाळशिवाय लावत नाहीत. जिन्यानं जपून उतरा."

आठ मजले होते.